वाढवला नव्हे, वळवला

मंगळवार, ३ फेब्रुवारी

बावीस जानेवारीच्या पानावर मी लिहिलं आहे की निवृत्ती निधी समितीसमोर वित्त अधिकारी म्हणाले, "कर वाढवला, तरी निधीत रक्कम येणं थांबलं." हे चूक आहे. ते म्हणाले होते, "कर वळवला, त्यामुळे निधीत रक्कम येणं थांबलं."

ते पान मी फाडणार नाही आणि गिरवून काळंही करणार नाही. मला शाळेत उशिरा घातलं, तोवर बाबांनी घरीच शिकवलं. त्यांचा नियम होता की चुकलेल्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. तशी रेघ मारली आहे आणि समासात आजची तारीख घातली आहे.

चूक फक्त या वहीत असती तर मी इतकी घाबरले नसते. पण हेच वाक्य मी समितीच्या अधिकृत इतिवृत्तातही लिहिलं आहे.

कसं झालं ते नीट लिहिते. सुनावणीत आम्ही प्रतिवेदक पाळीपाळीने बसतो. जो जे बोलेल ते लघुलिपीत उतरवतो, पाळी संपली की मागच्या खोलीत जाऊन टंकतो. वित्त अधिकाऱ्यांना आमच्या खोलीत सगळे 'रेशीम' म्हणतात. तोंडात गोळी धरल्यासारखं मऊ बोलतात आणि शब्दाचा मधला भाग गिळतात. ते 'वळवला' म्हणाले, मी 'वाढवला' ऐकलं. टंकायला घेतल्यावर वाक्य लंगडायला लागलं. कर वाढवला, त्यामुळे रक्कम थांबली, असं कसं होईल? अशा वेळी आमच्याकडे एक रीत आहे. तिला 'इस्त्री मारणं' म्हणतात. बोलणाऱ्याची अडखळ, तेच ते शब्द, चुकलेली जोडणी काढून वाक्य सरळ करायचं. मी इस्त्री मारली. 'त्यामुळे'चं 'तरी' केलं. वाक्य गुळगुळीत झालं आणि मी पुढे गेले.

आज जेवणाच्या सुट्टीत बाहेरच्या भिंतीवर सरकारी पत्रक पाहिलं. वर एक हसरं म्हातारं जोडपं, खाली ठळक अक्षरांत: 'कर वाढवला, तरी पुरेना. चला, आणखी तीन वर्षं हातभार लावू या.' निवृत्तीचं वय साठवरून त्रेसष्ट करायचं घाटतंय, त्याची ही जाहिरात. मी ते 'तरी' बघत उभी राहिले. हा शब्द मी कानांनी ऐकल्याचं काही केल्या आठवेना. परत येऊन लघुलिपीचा कागद काढला, तिथे 'त्यामुळे' होतं. मग ध्वनिमुद्रण लावलं. पंख्याची घरघर, कुणाचा तरी खोकला, आणि त्यामागे रेशीम. 'ळ' आहे. पुन्हा पुन्हा ऐकलं. 'ळ'च आहे.

म्हणजे भिंतीवरचं ते वाक्य जगात कुणीही उच्चारलेलं नाही. ते मी तयार केलं.


बुधवार, ४ फेब्रुवारी

हा कर कुठला, तेही लिहून ठेवते, कारण काल सबंध संध्याकाळ मी जुनी इतिवृत्तं चाळत होते.

खूप मोठी घरं, बंगले आणि जमिनी विकल्या जातात तेव्हा विकणाऱ्याकडून एक हिस्सा घ्यायचा आणि तो थेट निवृत्ती निधीत टाकायचा, असा कायदा झाला होता. साधं घर विकणाऱ्याला तो लागतच नाही. काही वर्षं तो पैसा निधीत येत होता आणि निधीला कसलाही खोकला झाला नव्हता. मग एका दुपारी, सभागृह अर्धं रिकामं असताना, ठराव झाला की यापुढे ही रक्कम 'प्राधान्यक्रम लक्षात घेऊन' नदीकाठच्या प्रदर्शन केंद्राकडे द्यावी. तेच ते काचेचं केंद्र, ज्याच्या भिंती पुसायला माणसं दोरांना लटकतात. केंद्र उभं राहिलं, निधी आडवा झाला. आता सांगतात की म्हातारे फार जगतात.

'प्राधान्यक्रम' या शब्दाचा मला आज इतका राग आला की मी तो शब्द टंकताना कळ जोरात दाबली आणि कळ अडकली.

आमच्या मुख्य प्रतिवेदक, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो, त्यांच्याकडे गेले. त्यांनी दार लावून घेतलं, मला बसवलं, स्वतःच्या हाताने चहा ओतला.

"छापून गेलं ना?"

"हो."

"मग ते आता तुझं राहिलं नाही, समितीचं झालं. तू एवढी घामाघूम का होतेस?"

मी म्हटलं, "बाई, अर्थच उलटा झालाय. मी दुरुस्तीचं टिपण लिहून देते."

"लिहून नको देऊ. लिहिलं की फाटे फुटतात. मी वर तोंडी कानावर घालते." मग हसून म्हणाल्या, "तुला कायम करायचा आदेश माझ्याच टेबलावर आहे हं. काळजी करू नकोस."

किती समजूतदार आहेत. मी रडवेली झाले होते तर त्यांनी आपणहून नोकरीचा विषय काढून धीर दिला.


शुक्रवार, ६ फेब्रुवारी

आज कार्यालयाच्या चौकशीच्या खिडकीशी कंडक्टरकाका आले. म्हणजे निवृत्तांच्या संघटनेचे म्हातारे पुढारी. जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडली म्हणून सगळे त्यांना असंच म्हणतात. सुनावणीत रेशीम यांना निधीत रक्कम का येत नाही, हा प्रश्न त्यांनीच विचारला होता.

"बाई, तुम्हीच लिहिता ना आतलं?"

"आम्ही चौघं लिहितो."

"मग चौघांनाही विचारतो. मला कानानं कमी ऐकू येतं, ते सोडा. पण शेजारी आमची ही बसली होती. मी न बोललेलंसुद्धा ती जन्मभर ऐकत आलीये. ती म्हणते, साहेब 'वळवला' म्हणाला. तुमच्या कागदात 'वाढवला' आलंय."

इतिवृत्ताबद्दल बाहेरच्या माणसाशी बोलायचं नाही, असं आम्ही सही करून दिलेलं आहे. मी म्हटलं, "अर्ज करा, काका."

"केला की. उत्तर आलं: 'याबाबत अधिकृत इतिवृत्त पाहावे.' इतिवृत्त चुकलंय का म्हणून विचारलं, तर म्हणे इतिवृत्त पाहा. आमच्या बसचा मार्गसुद्धा इतका गोल नव्हता."

मागे उभे असलेले दोघे हसले. मलाही हसू आलं आणि त्याची लगेच लाज वाटली. काकांनी विचारलं, इतिवृत्त कायम करायच्या बैठकीला येता येईल का. मी नियम सांगितला: ती बैठक बंद दाराआड असते, फक्त सदस्य आणि कार्यालय.

"म्हणजे ज्यांनी गिळलं तेच ढेकर मोजणार," असं म्हणून ते काठी सावरत निघून गेले.

मी खोटं बोलले नाही. नियमाबाहेर एक शब्द बोलले नाही. तरी आता जेवण जात नाहीये.


रविवार, ८ फेब्रुवारी

घरी सांगितलं. सांगायचं ठरवलं नव्हतं, दादानं सांगायला लावलं.

जेवताना तो आपला वैतागून बोलत होता. तो मालाची गाडी चालवतो. त्याला वाटतं की सगळ्या सरकारचा खर्च त्याच्या डिझेलमधून निघतो. म्हणाला, "कर वाढवला तरी पुरेना म्हणतात. अजून किती पिळणार? मी माझ्या पोरांचं बघू की जगातल्या म्हाताऱ्यांना पोसू?"

आई वाढता वाढता थांबली. "कुणाला पोसतोयस तू?"

"तुला नाही म्हणत, आई."

"मला नाही तर कुणाला? येत्या एप्रिलात मी साठची होते. जगातल्या म्हाताऱ्यांत मी नाही का?"

"तुझी गोष्ट वेगळी."

"प्रत्येकाची आई वेगळीच असते," आई म्हणाली आणि भांडं जरा आपटूनच ठेवलं.

आई सार्वजनिक रुग्णालयाच्या धुलाईघरात आहे. मी लहान असल्यापासून आहे. तिचे गुडघे काही वर्षांपूर्वीच गेले. जिना उतरताना ती आता आडवी उतरते, खेकड्यासारखी, आणि आम्ही हसू नये म्हणून स्वतःच आधी विनोद करते.

मला राहवलं नाही. म्हटलं, "दादा, तो कर तुझ्यावर नव्हताच. तो बंगले विकणाऱ्यांवर होता. आणि वाढवलाच नाही. वळवला. 'तरी' मी लिहिलंय."

सगळं समजायला दादाला वेळ लागला. मग तो मोठ्यानं हसला. "म्हणजे भिंतीभिंतीवर आमच्या चिमणीची कविता लागलीये?" मग हसू ओसरलं. "थांब. म्हणजे मी इतके दिवस फुकट चिडतोय? माझ्या खिशातून काही गेलंच नाही, आणि मी मात्र आईवर डाफरतोय?"

"डाफरतोयस हे खरं," आई म्हणाली.

"मग मला चिडवलं कुणी?"

मला वाटतं त्या क्षणी मला सगळा डाव दिसला. तरुणाला सांगायचं, म्हातारे तुझं खातात. म्हाताऱ्यांना सांगायचं, तरुणांवर ओझं होऊ नका. दोघं एका ताटावर भांडत बसले की तिसऱ्यानं उचलून नेलेल्या पातेल्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. आणि या सगळ्याला लागणारं वाक्य मी इस्त्री करून, घडी घालून पुरवलं.

नंतर बाबांनी एवढंच विचारलं, "दुरुस्त कधी होणार?" मी म्हटलं, मोठ्या बाई बघताहेत. ते "हं" म्हणाले. माझ्यावर रागावलेत असं दिसतं. रेडिओ न लावता नुसते त्याच्याजवळ बसून होते.

आईनं नवे बूट आणलेत, जाड रबरी तळाचे, धुलाईघरात घालतात तसले. एप्रिलमध्ये निवृत्त होणारी बाई असले बूट कशाला आणेल? म्हणाली, "स्वस्तात मिळाले." तिला सवलत दिसली की मोह आवरत नाही.


मंगळवार, १० फेब्रुवारी

ध्वनिमुद्रण कपाटात नाही. यंत्र दुरुस्तीला गेलं आहे आणि त्याच्याबरोबर जानेवारीतली सगळी मुद्रणं गेली आहेत. यंत्र शुक्रवारपर्यंत व्यवस्थित चालत होतं. मी मोठ्या बाईंना लगेच जाऊन सांगितलं की दुरुस्तीवाल्याला बजावा, मुद्रणं जपून ठेव म्हणून. त्या म्हणाल्या, बजावते.

माझा लघुलिपीचा कागद माझ्याजवळ आहे. पण त्यात पहिल्या शब्दाची खूण 'वाढवला'चीच आहे. मी ऐकलंच तसं होतं. साक्षीला उरला फक्त 'त्यामुळे'. एका 'त्यामुळे'वर कोण विश्वास ठेवणार?

माझ्या शेजारी बसतो त्या सहकाऱ्याला, ज्याला सगळे चष्मा म्हणतात, मी हळूच विचारलं की इतिवृत्त कायम करताना आपण बोलू शकतो का. त्यानं चष्मा काढून पुसला.

"आपण?"

"अध्यक्ष विचारतात ना, काही दुरुस्ती? तेव्हा."

"अगं, त्या खोलीत माझी हयात गेली. मला शिंक आली तरी मी गिळलीये. आपण तिथे असतो, पण उपस्थित नसतो. उपस्थितांची नावं कोण लिहितं?"

"आपण."

"आपलं नाव कधी लिहिलंस?"

मी कधीच लिहिलेलं नाही. हे माझ्या आजवर लक्षातही आलं नव्हतं. टेबलावरच्या पाण्याच्या तांब्यापेक्षा आपण जरा कमी, असं तो म्हणाला, कारण तांब्याची नोंद निदान सामानाच्या यादीत असते.


गुरुवार, १२ फेब्रुवारी

समितीतल्या सदस्यबाईंना भेटले. सुनावणीत म्हाताऱ्यांसाठी सर्वांत कळवळून याच बोलल्या होत्या. बोलताना त्यांचा आवाज भरून आला होता आणि मी कंसात तसं लिहावं की नाही याचा विचार करत बसले होते. मी सगळं सांगितलं, अगदी माझ्या चुकीसकट.

त्यांनी माझा हात हातात घेतला. "तुझ्यासारख्या मुली पाहिल्या की बरं वाटतं गं. मी शंभर टक्के हा मुद्दा घेईन."

मला इतकं हलकं वाटलं की खोलीतल्या वस्तू मला तेव्हा पहिल्यांदा दिसल्या. कोपऱ्यात काचेच्या पेटीत प्रदर्शन केंद्राची लहानशी प्रतिकृती होती, आत चिमुकले दिवे लागलेले. मी कौतुक केलं. त्या म्हणाल्या, "मोठ्या दालनाला आमच्या वडिलांचं नाव द्यायचं चाललंय. मी नको म्हणत होते." साध्या आहेत.

निघताना विचारलं, "हे अजून कुणाला सांगितलंयस?" मी म्हटलं, मोठ्या बाईंना. म्हणाल्या, "छान केलंस."


शनिवार, १४ फेब्रुवारी

आई गोळ्या घरी विसरली, त्या द्यायला धुलाईघरात गेले. लहानपणी जायची, तेव्हा मला ती वाफ ढगासारखी वाटायची.

ओल्या चादरी यंत्रातून निघतात त्या एकमेकींत पिळलेल्या दोरखंडासारख्या. दोघी दोन टोकांना धरतात, झटका देऊन मोकळ्या करतात, मग तापलेल्या रुळांखाली सोडतात. आई एका टोकाला होती. झटका देताना ती डाव्या पायावर वजन घेते आणि ओठ आत दाबते. मग पुढची चादर. उभं राहूनच. बसायला तिथे काही ठेवतच नाहीत, फरशी धुवावी लागते म्हणून. समितीत एक सदस्य म्हणाला होता की आजची साठी म्हणजे पूर्वीची चाळीशी. मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं होतं, अवतरणचिन्हांत. त्याला कुणी ओल्या चादरीचं एक टोक धरायला द्यावं.

आईबरोबरची बाई म्हणाली, "जूनपासून तुझ्या आईला घडीच्या टेबलावर देणार आहेत, तिथे जरा टेकता येतं. साहेबांशी बोललीये ती." मी म्हटलं, जूनमध्ये आई घरीच असेल. आई म्हणाली, "हो, तेही आहेच," आणि मला म्हणाली, जा आता, इथे पाय भिजतील.

बाई बहुधा दुसऱ्या कुणाबद्दल बोलत असेल.


सोमवार, १६ फेब्रुवारी

आज शुक्रवारच्या बैठकीची विषयपत्रिका आली. पहिला विषय, मागील सुनावणीचं इतिवृत्त कायम करणं. दुसरा विषय, निवृत्तीचं वय वाढवण्याची शिफारस. पहिल्यावर दुसरा उभा आहे. शिफारशीच्या मसुद्यात पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय: 'वित्त अधिकाऱ्यांच्या निवेदनानुसार कर वाढवूनही निधी अपुरा असल्याने...' माझ्या 'तरी'ला त्यांनी 'ही' करून वापरलं आहे.

अनुपस्थितीची पूर्वसूचना देणाऱ्यांत सदस्यबाईंचं नाव आहे. प्रकृतीचं कारण. गुरुवारी तर चांगल्या होत्या. वातावरण बदललंय, होतं असं.

मग मोठ्या बाईंनी बोलावलं. आज चहा नव्हता.

"शुक्रवारी तू सुट्टी घे. दमलीयेस."

"माझी पहिली पाळी आहे, बाई."

"चष्मा घेईल."

"तुम्ही वर सांगितलंत ना? काय म्हणाले?"

"तू खरंच इतकी भोळी आहेस की मला खेळवतेयस?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे बघ. केंद्र बांधून झालंय. पैसा गेलाय. तू एक अक्षर बदलून तो परत येणार आहे का? मी निवृत्त व्हायला आलेय. मला माझी शेवटची वर्षं स्वच्छ जाऊ देत."

"स्वच्छ?"

"सोमवारी तुझा आदेश निघेल. शुक्रवारी घरी थांब."

चहा, धीर, दार लावून घेणं, यंत्राची दुरुस्ती. सगळं एकदम समोर आलं. मी त्यांच्याबद्दल चार तारखेला लिहिलं आहे की त्या समजूतदार आहेत. तिथेही एक रेघ मारली.

पैसा परत येणार नाही, असं कसं म्हणतात? बंगले विकले जायचे थांबलेत का? कर अजून जमा होतो आहे. आज, या आठवड्यातही जमा झाला असेल. जो ठराव करून वळवला तो ठराव करूनच परत वळवता येतो, त्यात कसलं आकाश कोसळतंय? केंद्राचा दुसरा टप्पा म्हणे पुढच्या वर्षी सुरू होणार: आणखी एक दालन, आणखी काच. ते दालन तीन वर्षं थांबलं तर कुणाचे गुडघे दुखणार आहेत? दालनाला थांबता येत नाही आणि चादरी झटकणाऱ्या बायकांना थांबता येतं, हे ज्यांनी ठरवलं त्यांना 'आमच्याकडे पैसा नाही' असं म्हणताना जीभ कशी अडखळत नाही? निदान सांगा तरी सरळ, की पैसा आहे, पण तुमच्यासाठी नाही. तेवढीही हिंमत नाही. त्यासाठी माझी चूक उसनी घ्यावी लागली.

नियमांचं पुस्तक काढलं. 'इतिवृत्तातील चूक उपस्थितांपैकी कोणासही निदर्शनास आणता येईल.' मी अनेकदा वाचलं. 'सदस्यांपैकी' असं लिहिलेलं नाही. ज्यानं लिहिलं त्याला बहुधा सदस्यच म्हणायचं असेल. पण लिहिलंय 'उपस्थितांपैकी'. आणि बोलणाऱ्याच्या मनात काय होतं ते आम्ही लिहीत नाही, तोंडातून काय आलं ते लिहितो, असं मला मोठ्या बाईंनीच पहिल्या दिवशी शिकवलं होतं.


बुधवार, १८ फेब्रुवारी

सुट्टीचा अर्ज दिला नाही. चष्म्याला सांगितलं की पहिली पाळी मीच घेणार. दुपारी त्यानं उपस्थितांच्या यादीचा कोरा नमुना माझ्या टेबलावर आणून ठेवला, तळाशी पेन्सिलीनं एक ओळ जास्तीची आखलेली: 'प्रतिवेदक'. म्हणाला, "छपाईत चुकून आलीये. मी काही पाहिलं नाही."

शंका आहेत, त्या लिहून ठेवते. मी हे आईसाठी करते आहे का? मग ते पक्षपाताचं झालं. माझी चूक धुऊन निघावी म्हणून करते आहे का? मग ते स्वार्थाचं झालं. बाबांना विचारलं. ते म्हणाले, "तू वाक्य दुरुस्त करते आहेस. वाक्य चुकलंय का?"

"हो."

"मग झालं तर. बाकी हेतूंची झाडाझडती म्हातारपणी कर, वेळ असतो. सरकारनं ठेवला तर." मग म्हणाले, "उभी राहा. बोलून दाखव."

मी स्वयंपाकघरात उभी राहिले. आवाजच फुटेना. आजवर त्या सभागृहात मी एक अक्षर बोललेले नाही. दादा दारात टेकून उभा होता. म्हणाला, "रेशीमसारखं बोलू नकोस म्हणजे मिळवली. 'ळ' नीट म्हण."

"वळवला," मी म्हटलं.

"मागच्या बाकावर ऐकू आलं नाही."

"वळवला."

"आता खुर्ची हलली."

आई आतल्या खोलीतली कामं सोडून बाहेर आली नव्हती. पण सगळं ऐकत होती. शेवटी आली आणि खुर्चीत बसली, गुडघ्यांवर हात ठेवून.

"माझ्यासाठी करत असशील तर नको करू. मी काढीन तीन वर्षं. माझी तयारी आहे. तुझी नोकरी गेली तर मात्र मला चालायचं नाही."

"तुझी कसली तयारी, आई? तुला का तयारी करायला लागावी?"

ती म्हणाली, "ते काचेचं आहे ना नदीकाठी, त्याच्या उद्घाटनाला टेबलांवर घालायच्या चादरी आमच्याकडूनच धुऊन नेल्या होत्या. पांढऱ्याशुभ्र पाहिजेत म्हणून पुन्हा धुवायला लावल्या. आम्ही जादा थांबून धुतल्या. आम्हाला वाटलं, असेल काही आपल्या सगळ्यांचं." थोडा वेळ तिनं बोटं मोडली. "पुन्हा धुवायला लावल्या होत्या गं. आमच्याच पैशांच्या जेवणाला."

मी इतक्या वर्षांत आईचा आवाज असा कापताना ऐकला नव्हता. रडण्यानं कापत नव्हता.

"बोल जा," ती म्हणाली. "आणि घाबरून हळू बोलू नकोस. हळू बोललं की त्यांना हवं ते ऐकू येतं."

बाबांनी लिहून घ्यायला सांगितलं, मी लिहून घेतलं. वाक्य असं: 'अध्यक्ष महोदय, मी या बैठकीला उपस्थित आहे. मागील इतिवृत्तात प्रतिवेदकाकडून, म्हणजे माझ्याकडून, एक शब्द चुकीचा लिहिला गेला आणि एक शब्द पदरचा घातला गेला. वित्त अधिकारी म्हणाले होते, कर वळवला, त्यामुळे निधीत रक्कम येणं थांबलं. वित्त अधिकारी इथेच बसले आहेत. त्यांना विचारावं.'

'विचारावं' ठेवू की 'विचारा', यावर बाबांचं आणि माझं बराच वेळ अडलं. 'विचारावं' ठेवलं आहे. ते नाही म्हणाले तर त्यांचं नाही लिहून घेईन, जसंच्या तसं, इस्त्री न मारता. हाकलून दिलं तर तेही लिहून घेऊनच बाहेर जाईन, पाळी माझी आहे.

उद्या कंडक्टरकाका पुन्हा खिडकीशी आले, तरी त्यांना काही सांगणार नाही. घरी बोलले तेवढं सोडलं, तर बाहेरच्यांशी बोलायचं नाही हा नियम मी मोडलेला नाही आणि मोडणार नाही. मला जे बोलायचं ते आत बोलायचं आहे. सभा अकराला सुरू होते, पहिला विषय लगेच घेतात. मी शुक्रवारी, वीस फेब्रुवारीला, बोलणार आहे.